तासाबाहेरचे काम



या वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून आजवर पंडित बोलले, प्राध्यापक बोलले, कवी बोलले. आठवीतून शाळा सुटलेल्या आमच्यासारख्या माणसाने येथे उभे राहून शिक्षकाविषयी बोलावे, हे जरा धाडसाचेच आहे. पण निमंत्रण चालकांनी दिले, तेव्हा धाडस त्यांचे. आम्ही आपले जे पाहिले आणि वाचले तेवढे सांगणार.

आमचा धंदा युनियनचा. तीस वर्षे आम्ही जळगावच्या औद्योगिक वसाहतीत डाळ मिलमधल्या हमालांची आणि चटईच्या कारखान्यांतल्या कामगारांची संघटना करीत आलो. या धंद्याचा पहिला धडा एकच असतो : काम मोजा. आठ तास झाले की नववा तास फुकटचा नाही. मालक म्हणतो, "जरा थांब रे, एवढी गाडी भरून जा." ती 'जरा' म्हणजे किती मिनिटे, आणि त्या मिनिटांचे पैसे किती, हे विचारावयास कामगाराला शिकविणे, यातच आमचे निम्मे आयुष्य गेले. आज जे सांगावयाचे आहे ते याच धड्यासंबंधी आहे. एका ठिकाणी हा धडा आम्ही चुकीचा लावला, त्याची ही हकीकत आहे.

चार वर्षांपूर्वी एक तरुण प्राध्यापक आमच्या कार्यालयाची माडी चढून आले. राज्यशास्त्राचे एम.ए., पुढे पीएच.डी., सेटची परीक्षाही झालेली. नेमणूक मात्र तासिका तत्त्वावर. हे तत्त्व म्हणजे काय, ते सभागृहात कोणास ठाऊक नसेल तर सांगतो. जेवढे तास वर्गात उभे राहाल तेवढ्याच तासांचे मानधन. सुट्टी लागली की मानधन बंद. पुढच्या वर्षी बोलावतीलच असे नाही. हे गृहस्थ आठवड्यातले तीन दिवस धुळे जिल्ह्यात आणि तीन दिवस जळगाव जिल्ह्यात शिकवीत होते. मधला सारा वेळ एस.टी.त. उन्हाळ्यात सावद्याकडे एका नातेवाइकाकडे केळीच्या गाड्या भरताना हिशेब लिहीत. "आप्पा, आम्हांला संघटना करायची आहे," ते म्हणाले.

आम्ही कागद-पेन्सिल पुढे घेतली. हमालाच्या बाबतीत जे करतो तेच केले. म्हटले, "सर, सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय करता ते सांगा." त्यांनी सांगितले : तास, तासाची तयारी, प्रवास, पेपर तपासणे, परीक्षेची देखरेख. मग थोडे अडखळून म्हणाले, "आणि शनिवारचं भित्तिपत्रक."

हे भित्तिपत्रक असे. त्यांच्याकडे निरनिराळ्या देशांच्या राज्यघटनांचा विषय होता. त्यांतला कॅनडा हा देश त्यांनी मनापासून धरलेला. शनिवारी तास संपल्यावर वीसेक मुले-मुली घेऊन ते बसत, आणि एक मोठा कागद हाताने लिहून काढीत. डाव्या बाजूस कॅनडाचा मजकूर, उजव्या बाजूस त्याच विषयावर आपल्या गावचा मजकूर. डावीकडे तेथील प्रांतांना केंद्राकडून पैसा कसा मिळतो हे लिहिले, तर उजवीकडे आपल्या ग्रामपंचायतीला किती मिळतो हे मुले विचारून येऊन लिहीत. मग तो कागद महाविद्यालयाच्या जिन्याशी लावीत.

आम्ही विचारले, "याचे पैसे कोण देतो?"

"कोणी नाही."

"मग बंद करा."

आम्हांस वाटले, आम्ही फार शहाणपणाचे बोललो. फुकटचे काम चालू राहिले तर दिलेल्या कामाची किंमत होत नाही, हा आमचा अनुभव. प्राध्यापकांनी ऐकले. भित्तिपत्रक बंद झाले.

दोन महिन्यांनी त्यांचे तीन विद्यार्थी माडी चढून आले, दोन मुली आणि एक मुलगा. त्यांतली साक्रीकडच्या एका खेड्यातली मुलगी पुढे होऊन म्हणाली, "आप्पा, तुम्ही आमच्या सरांना काय सांगितलं? आमचा कागद बंद झाला." आम्ही तिला कामाचे तास, मोबदला, शोषण, सारे समजावले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले आणि पिशवीतून घडी केलेला एक जुना कागद काढून टेबलावर पसरला. म्हणाली, "हा वाचा, मग सांगा."

डाव्या बाजूस मजकूर होता कॅनडातील भाषांचा. १९६९ च्या कायद्याने तेथे इंग्रजी आणि फ्रेंच या दोन्ही भाषांना सारखा अधिकृत दर्जा मिळाला. त्याखाली दुसरी हकीकत : तेथल्या मूळच्या आदिवासी मुलांना आईबापांपासून तोडून निवासी शाळांत ठेवीत, आणि ती आपल्या घरची भाषा बोलली तर त्यांना शिक्षा करीत. याबद्दल कॅनडाच्या पंतप्रधानांनी २००८ साली संसदेत जाहीर माफी मागितली. उजव्या बाजूस त्या मुलीच्या अक्षरात एक लहानसा लेख होता. पहिल्या इयत्तेत असताना ती 'आहे' न म्हणता 'शे' म्हणाली, म्हणून वर्ग हसला आणि तिला बाकावर उभे केले. तेव्हापासून दहावीपर्यंत ती वर्गात आपण होऊन एकदाही बोलली नव्हती. शेवटी तिने लिहिले होते की, माफी मागण्याइतकी ही गोष्ट मोठी असते, हे मला कॅनडाचा धडा वाचून कळले.

मंडळी, आम्हीही अहिराणी घरातले. आमच्या घरी 'आहे' नव्हते, 'शे' होते. आम्हीही त्या बाकावर उभे राहिलो आहोत. पण पन्नाशी उलटून गेली तरी ही गोष्ट आम्ही कोणास सांगितली नव्हती, कागदावर तर नाहीच. त्या मुलीने ती विशीच्या आत लिहिली आणि चारचौघांच्या वाटेवर लावली. आणि ज्या शनिवारी ती हे लिहू शकली, तो शनिवार आम्ही बंद करविला होता.

त्यानंतर काही महिने आम्ही आपल्या रीतीने अभ्यास केला. व. वा. वाचनालयात आम्ही तरुणपणापासून बसतो. तेथे दोन विषय धरले : एक कॅनडा, आणि दुसरा अमळनेर.

कॅनडाशी आपला काय संबंध, असे आपण विचाराल. आम्हांसही तसेच वाटे. वास्तविक भारतातील विद्यापीठांत या देशाचा अभ्यास बरीच वर्षे चालू आहे. १९६८ साली लालबहादूर शास्त्री यांच्या नावाने एक भारत-कॅनडा संस्था निघाली, आणि दोन्ही देशांतील अध्यापकांची जा-ये सुरू झाली. शेजारच्या बडोद्याच्या विद्यापीठात तर कॅनडाच्या अभ्यासाचे स्वतंत्र केंद्रच आहे. पण आम्हांस त्या देशात सापडले ते आमच्याच धंद्याचे प्रकरण. तेथे विनिपेग नावाचे शहर आहे. १५ मे १९१९ रोजी त्या शहरात सार्वत्रिक संप झाला. टेलिफोनवर काम करणाऱ्या मुली सर्वांच्या आधी बाहेर पडल्या, आणि पाहता पाहता तीस हजारांच्या आसपास कामगार संपावर गेले. सहा आठवडे शहर थांबले. २१ जून रोजी घोडेस्वार पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या, दोन माणसे मेली, आणि २६ जूनला संप मोडला.

या संपातली आम्हांस विशेष वाटलेली गोष्ट निराळीच आहे. संपकरी रोज स्वतःचे एक पत्र काढीत. शहरातील वर्तमानपत्रे संपाविरुद्ध लिहीत, तर हे पत्र कामगारांची बाजू मांडी. त्याचे संपादक विल्यम आयव्हेन्स हे मूळचे धर्मोपदेशक. त्यांना पकडून नेले, तेव्हा जे. एस. वुड्सवर्थ पुढे आले. हेही धर्मोपदेशकच, पण ते पद सोडून त्यांनी व्हँकुव्हरच्या धक्क्यावर हमाली केलेली. त्यांना पकडले, तेव्हा राजद्रोही मजकूर छापल्याचा आरोप ठेवला. त्या मजकुरात बायबलमधील यशया या प्रवक्त्याची वचनेही होती! पुढे तो खटला चाललाच नाही. १९२१ साली हेच वुड्सवर्थ संसदेत निवडून गेले, आणि १९२७ साली त्या देशात वृद्धांना पेन्शन देणारा कायदा झाला, त्यामागे त्यांचा मोठा हात होता. संप हरला, पण त्यात लिहावयास शिकलेली माणसे पुढे कामास आली. आमच्या युनियनने तीस वर्षांत पुष्कळ मोर्चे काढले, पण कामगाराच्या हातात लेखणी किती वेळा दिली, हा प्रश्न आम्हांस तेव्हा प्रथमच पडला. आमच्या फलकावरचा मजकूर नेहमी आम्हीच लिहीत आलो होतो.

आता अमळनेर. येथे बसलेल्या कोणासही साने गुरुजी कोण हे सांगावयास नको. पण आपल्याला ते 'श्यामची आई'चे लेखक म्हणून ठाऊक असतात. त्यांचे मास्तरकीचे दिवस आपण वरवर वाचतो. पालगडसारख्या कोकणातल्या गावचा हा तरुण तत्त्वज्ञानाचा अभ्यास करावयास अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आला. तेथे जीव रमला नाही, म्हणून १९२४ साली प्रताप हायस्कुलात शिक्षक झाला. १९३० पर्यंत, म्हणजे पुरती सहा वर्षेही नव्हे, ती नोकरी टिकली. याच काळात शाळेच्या वसतिगृहाचे काम त्यांच्याकडे आले. मुलांची अंथरुणे आवरणे, भांडी घासणे, आजारी मुलाच्या उशाशी बसणे, हे सारे त्यांनी केले. आणि रात्री, मुले निजल्यावर, ते एक पत्र हाताने लिहीत. त्याचे नाव 'छात्रालय दैनिक'. ते सकाळी वसतिगृहात लावलेले असे आणि मुले त्याभोवती गर्दी करीत. वसतिगृहातल्या बारीकसारीक घडामोडींपासून देशातल्या आणि जगातल्या गोष्टींपर्यंत सारे त्यात येई. पुढे त्यांनी 'विद्यार्थी' नावाचे मासिकही काढले.

हे वाचताना आमच्यातला युनियनवाला जागा झाला. आम्ही कागद घेऊन गुरुजींच्या दिवसाचाही हिशेब मांडला. शाळेचे तास, वसतिगृहाचे तास, आणि रात्रीचे लिहिणे. बेरीज काही केल्या मालकाच्या आणि मजुराच्या हिशेबात बसेना. मग आमच्या लक्षात एक गोष्ट आली. ज्या कामासाठी शाळेने त्यांना पगार दिला, ते काम पुष्कळांनी केले असेल. विद्यार्थ्यांच्या आठवणीत राहिले ते मोजमापाबाहेरचे काम. शनिवारचे भित्तिपत्रक हे याच जातीचे काम होय.

आणखी एक साम्य पाहा. गुरुजी १९३० च्या सत्याग्रहात पकडले गेले आणि धुळ्याच्या तुरुंगातून त्रिचनापल्लीच्या तुरुंगात गेले. तेथे दक्षिणेकडील सत्याग्रही त्यांना भेटले. एकाच लढ्यातली माणसे, पण एकमेकांची भाषा कळेना. गुरुजी तेथे तामिळ शिकू लागले, आणि पुढे तिरुवल्लुवरांचा 'कुरल' त्यांनी मराठीत आणला. या अनुभवातून 'आंतरभारती'ची कल्पना निघाली. एका प्रांताच्या माणसाने दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, त्याचे जीवन जाणून घ्यावे, ही ती कल्पना. १९४९ साली पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी ती मांडली. परक्या मुलखाचा अभ्यास का करावा, याचे याहून चांगले उत्तर आम्हांस सापडलेले नाही. ते प्राध्यापक मुलांपुढे कॅनडा ठेवीत होते, तो तेथे नोकरी धुंडण्यासाठी नव्हे, आणि त्या देशाची आरती करण्यासाठीही नव्हे. त्या देशाने काय नीट केले आणि कोठे माती खाल्ली, हे पाहून मुलांनी आपल्या गावाकडे पुन्हा पाहावे, यासाठी.

आता जे बोलतो ते थोडे कडू लागेल. तरी श्रोत्यांत काही संस्थाचालक बसले आहेत, त्यांनी रागावू नये.

गुरुजींचे नाव घेऊन एक फार सोयीचा युक्तिवाद केला जातो. शिक्षक म्हणजे त्यागी. शिक्षकाने पगाराकडे पाहू नये. गुरुजींनी कधी पाहिले होते काय? असे भाषण आम्ही शिक्षकदिनाच्या समारंभात कैक वेळा ऐकले आहे. बहुधा ते भाषण करणारास पेन्शन असते. अहो, पण गुरुजींची परिस्थिती नीट पाहा. त्यांची नोकरी कायमची होती. दरमहा ठरलेला पगार होता. राहावयास वसतिगृह होते, आणि मुले चोवीस तास डोळ्यांपुढे होती. रात्री दहा वाजता लेखणी उचलावयास जी स्वस्थता लागते, ती त्यांना होती. त्यांनी आपला पगार गरीब मुलांवर खर्च केला, तो आपल्या मर्जीने. तो पगार आधी त्यांच्या हातात पडला होता, हे विसरू नये. जो पगार दिलाच नाही, त्याचा त्याग कोणी कसा करावा? वरून हुकूम करून घेतलेल्या त्यागाला आमच्या भाषेत कपात म्हणतात.

आणि गुरुजी स्वतः अशा कपातीच्या बाजूचे नव्हते. १९३८ साली त्यांनी अमळनेरहून 'काँग्रेस' नावाचे साप्ताहिक काढले. त्याच सुमारास अतिवृष्टीने गांजलेल्या खान्देशच्या शेतकऱ्यांना शेतसाऱ्यात सूट मिळावी म्हणून ते गावोगाव हिंडले. गिरणीकामगारांच्या सभांतही ते उभे राहिले. स्वतःच्या घासाविषयी बेपर्वा असणारा हा माणूस दुसऱ्याच्या घासाविषयी फार जागरूक होता.

म्हणून आमचे मत असे झाले आहे. चूक दोन्हीकडे होते. संस्था म्हणते, प्रेमाने करा आणि पैसे मागू नका. आम्ही युनियनवाले म्हणतो, पैसे नाहीत तर करूच नका. संस्थेच्या म्हणण्याने शिक्षक मरतो आणि आमच्या म्हणण्याने शनिवार मरतो. डाळीचे पोते आणि मुलाचे मन या दोन वस्तू एका काट्यावर घालता येत नाहीत. पोते भरले की हमालाने घरी जावे, पोते त्याची वाट पाहत नाही. मूल मात्र वाट पाहते. ते पहिली दहा वर्षे गप्प बसते आणि अकराव्या वर्षी एखाद्या शनिवारी बोलते. तो दिवस कोणता, हे वेळापत्रकात लिहून ठेवता येत नाही. त्या दिवशी शिक्षक तेथे असला पाहिजे, आणि पुढची एस.टी. सुटेल म्हणून त्याचे लक्ष घड्याळाकडे नसले पाहिजे. तासाबाहेरचे काम व्हावे असे वाटत असेल, तर तासाच्या आतली भाकरी पक्की करावी लागते. कायमच्या जागा भरणे हा म्हणूनच केवळ पगाराचा प्रश्न नाही.

त्या मुलीला आम्ही त्या दिवशी काय सांगितले? काहीच नाही. तिला चहा पाजला आणि प्राध्यापकांना निरोप पाठविला. ते आले तेव्हा आम्ही हात जोडून म्हटले, "सर, आमचं चुकलं. भित्तिपत्रक चालवायचं की नाही, हे तुम्ही ठरवायचं. ते चालू ठेवलंत म्हणून तुमची मागणी आम्ही लहान करणार नाही." मागण्यांच्या कागदात आम्ही तेव्हा एक कलम घातले : विद्यार्थ्यांबरोबर वर्गाबाहेर केलेले काम हे काम म्हणून धरावे. ते कलम अजून मान्य झालेले नाही. प्राध्यापक अजून तासिकेवरच आहेत. हे आम्ही लपवीत नाही, कारण येथे विजयाची गोष्ट सांगावयास आम्ही उभे नाही. भित्तिपत्रक मात्र पुन्हा चालू झाले.

आमच्या फलकाचेही थोडे बदलले. आता महिन्यातून एकदा त्यावरचा मजकूर कामगार लिहितात. पहिल्या वेळी एका चटई कारखान्यातल्या बाईने पाच ओळी लिहिल्या, त्यांत शुद्धलेखनाच्या चुका आठ होत्या. आम्ही एकही दुरुस्त केली नाही. त्या फलकाभोवती जेवढी गर्दी झाली, तेवढी आमच्या अग्रलेखांना कधी झाली नव्हती.

ती मुलगी आज जळगावच्या विद्यापीठात एम.ए. करीत आहे. हे विद्यापीठ १९९० साली निघाले आणि २०१८ पासून त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. आसोद्याची ही लेक लिहिणे-वाचणे शिकलेली नव्हती. तिच्या ओव्या सोपानदेवांनी आणि घरच्यांनी कागदावर उतरविल्या, म्हणून १९५२ साली तिचे पुस्तक निघू शकले. घरात ऐकणारे आणि टिपून घेणारे कान नसते, तर ती वाणी १९५१ साली तिच्याबरोबरच गेली असती. खान्देशात अशी किती माणसे न टिपलेली गेली, याची मोजदाद कोण करणार? ज्या विद्यापीठाच्या दारावर हे नाव आहे, त्याच्या अंगणातल्या महाविद्यालयांत मुलांचे बोलणे ऐकून घेण्यास कोणाला सवड नसावी, हे त्या नावास शोभत नाही.

आपण सारे या गावचे नागरिक आहात. तुमची मुले महाविद्यालयांत जातात. प्रवेशाच्या वेळी आपण फी विचारता, इमारत पाहता, निकाल विचारता. येत्या जून महिन्यात आणखी एक प्रश्न विचारावा, एवढेच आमचे मागणे आहे : येथे कायमचे शिक्षक किती, आणि तासावरचे किती? एकट्याने विचाराल तर कारकून हसेल. पन्नास जणांनी विचारले, तर त्याला आत जाऊन उत्तर आणावे लागेल.

आणि जिन्याशी एखादा हाताने लिहिलेला कागद लावलेला दिसला, तर घाईत असाल तरी थांबून वाचा. लिहिणारे पोर बहुधा जवळपासच कोठे तरी उभे असते.